‘ईसीएम गेलाय’ सांगून साडेअठरा हजार घेतले. जुनी गाडी असेल तर हे वाचा

आमची गाडी २००९ची, बाबांनी घेतलेली. जुलैच्या एका संध्याकाळी भर पावसात नवले पुलाजवळ अडकलो होतो. वायपर आणि हेडलाइट सुरू होते. अचानक डॅशबोर्डवर बॅटरीचा, एबीएसचा, एअरबॅगचा असे सगळे दिवे लुकलुकायला लागले. रेस दिली की थांबायचे, आयडलला आली की पुन्हा सुरू. शेजारी आई होती.

दुसऱ्या दिवशी सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये गेले. मुलानं स्कॅनर जोडला, बिघाडाचे पाच-सहा कोड आले. मालक म्हणाले, "ताई, ईसीएम गेलाय." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. "घाटात बंद पडली तर काय कराल?" मी दर महिन्याला आईला घेऊन साताऱ्याला जाते. खंबाटकी डोळ्यांपुढे आला आणि मी हो म्हटलं. बॉनेट तोवर कुणी उघडलंही नव्हतं.

१८,५०० रुपये यूपीआयने दिले. पक्कं बिल मागितलं, तर "बिल केलं तर जीएसटी वर पडेल" म्हणाले आणि वहीचा कागद फाडून ‘ईसीएम काम’ असं लिहून दिलं. जुना पार्ट मागितला, तर "तो एक्स्चेंजमध्ये गेला."

नऊ दिवस गाडी बरी चालली. दहाव्या दिवशी पाऊस आला आणि दिवे पुन्हा नाचायला लागले.

आमच्या सोसायटीबाहेरच्या रिक्षावाल्या काकांनी नाना पेठेतल्या एका वायरिंगवाल्यांकडे पाठवलं. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. इंजिन सुरू ठेवून, हेडलाइट लावून मल्टिमीटर धरला. अल्टरनेटरवर, म्हणजे गाडी चालू असताना वीज तयार करून बॅटरी चार्ज करतो त्या भागावर, १४.२ व्होल्ट, बॅटरीवर मात्र १२.८, आणि तेही स्थिर नाही. "करंट तयार होतोय, पोचत नाही. अर्थिंग बघू." मग एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून मला सेल्फ मारायला सांगितला. १.१ व्होल्ट. "इथं पाव व्होल्टच्या आत पाहिजे, ताई." गिअरबॉक्सजवळ गेलेली अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणारी तारांची पट्टी, त्यांनी बोटानं हलवली, तर बोल्टाशी हिरवी पूड आणि निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी, टर्मिनल ब्रशनं घासून व्हॅसलीन, सगळे मिळून ६५० रुपये.

"पण ईसीएम बदललाय," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत, टॉर्च धरून दाखवलं. ईसीएमच्या कनेक्टरच्या लॉकवर कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, वाळून कडक झालेलं. ते फोडल्याशिवाय लॉक उघडणंच शक्य नव्हतं. मी तिथंच फोटो काढले. इतका संताप मला पैसे गेल्याचाही आला नव्हता.

घरी भावानं स्कॅनरचा मी काढलेला फोटो पाहिला. पहिलाच कोड होता पी ०५६२. त्याचा अर्थ सिस्टिमचा व्होल्टेज कमी. म्हणजे मशीन खरं सांगत होतं, माणूस खोटं बोलला.

म्हणून कळकळीने सांगते, सगळे दिवे एकदम लुकलुकत असतील तर आधी व्होल्टेज मोजायला लावा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, सुरू असताना १३.८ ते १४.५ हवं. टर्मिनल, अर्थ, अल्टरनेटरचा बेल्ट हे तपासल्याशिवाय ईसीएमला हात लावू देऊ नका. बॅटरीचा लाल दिवा सतत पेटून राहिला तर मात्र फार लांब जाऊ नका, कारण चार्जिंगच होत नसतं. आणि पार्ट काढताना समोर उभं राहा, जुना पार्ट हातात घेऊनच पैसे द्या.

फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर मालक म्हणाले, "मुलानं चूक केली असेल, पाच हजार परत घ्या." मी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. त्या चिठ्ठीवर शिक्का नाही, पण यूपीआयमध्ये तारीख, रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचं नाव स्वच्छ दिसतं.