स्टंट बाइकला हँडब्रेक: दुसरा कॅलिपर लावावा की एकाच कॅलिपरवर दोन मास्टर?

व्हीलीत (पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर चालताना) बाइक बॅलन्स पॉइंटच्या, म्हणजे ती तोलून राहते त्या कोनाच्या, मागे झुकली की तिला हमखास खाली आणतो तो फक्त मागचा ब्रेक. त्या क्षणी क्लच दाबलात तर बाइक मागेच पडते. साध्या व्हीलीत उजवा पाय पेडलवर असतो, त्यामुळे अडत नाही. पण टाकीवर बसलात, सीटवर उभे राहिलात किंवा हाय चेअर या स्टंटमध्ये पाय हँडलबारवरून पुढे सोडलेत की पेडल पायाखाली उरतच नाही. सर्कल (व्हीलीतच गोल फिरणं) मारतानाही थ्रॉटल थोडा उघडा ठेवून मागचं चाक ब्रेकने ओढून धरावं लागतं, आणि हे बोटांना जितकं बारीक जमतं तितकं बुटाला जमत नाही. म्हणून डाव्या हाताला, क्लचच्या शेजारी, मागच्या ब्रेकचा वेगळा लीव्हर बसवतात.

उदाहरणाला केटीएम २०० ड्यूक घेऊ. ती २०१२ मध्ये भारतात आली, चाकणला बनते आणि स्टंट करणाऱ्यांकडे भरपूर दिसते. मागे २३० मिमीची डिस्क आणि एका पिस्टनचा बायब्रे कंपनीचा कॅलिपर, म्हणजे ऑइलच्या दाबाने डिस्कवर पॅड आवळणारा भाग. तुमची बाइक दुसरी असली तरी मागे डिस्क असेल तर पुढचं सगळं लागू पडतं.

दुसरा कॅलिपर

मूळ कॅलिपर पेडलकडेच राहतो. त्याच डिस्कवर दुसरा कॅलिपर येतो आणि त्याचा पाइप थेट हँडलबारवरच्या नव्या मास्टर सिलिंडरला (लीव्हर दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग, थोडक्यात मास्टर) जातो. दोन्ही सर्किटं पूर्ण वेगळी. मला हाच मार्ग पटतो आणि त्याचं मोठं कारण उष्णता आहे. सर्कलमध्ये ब्रेक सतत ओढलेला असतो, एवढीशी डिस्क तापते, आणि तिच्या मागोमाग कॅलिपरमधलं ऑइलही. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतली ओल शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि लीव्हर दाबत हँडलला टेकतो. हे हँडब्रेकच्या सर्किटमध्ये घडलं तर पेडलचं ऑइल वेगळं आहे, ते अजून हाताशी आहे. हाय चेअरमध्ये त्याचा उपयोग नाही हे खरं, पण शिकतानाचा बहुतेक वेळ साध्या व्हीलीतच जातो.

दुसरा फायदा म्हणजे हाताला मानवेल असा कॅलिपर निवडता येतो. पायाइतका जोर बोटांत नसतो, तेव्हा थोडा मोठा पिस्टन चालतो.

कष्ट आहेत ते ब्रॅकेटचे. भोसरी-चिंचवडकडे लेझर कटिंगवाले पुष्कळ आहेत, प्लेट कापून मिळणं अवघड नाही. पण ती डिस्कला समांतर बसली पाहिजे, नाहीतर पॅड तिरके झिजतात आणि चाक घासत राहतं. ब्रॅकेटला स्विंगआर्ममध्ये पक्का अडसर हवा, कारण ब्रेक लागताच ते एक्सलभोवती फिरायला बघतं. चेन ताणताना एक्सल मागे सरकतो, त्याच्याबरोबर ब्रॅकेटही सरकायला हवं. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. नवा कॅलिपर बहुधा खालच्या बाजूला येतो, त्यामुळे ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायचं तोंड) खाली तोंड करून राहतं आणि हवा आत अडकते. हवा काढताना कॅलिपर सोडवा, पॅडांच्या मध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी ठेवा आणि निपल वर करून धरा.

एकच कॅलिपर, मालिकेत दोन मास्टर

यात हाताच्या मास्टरचा पाइप पेडलच्या मास्टरला, जिथे मूळ ऑइलची डबी जोडलेली असते त्या तोंडाला जोडतात. पेडल मोकळं असताना त्या मास्टरचं आतलं छिद्र उघडं असतं, त्यामुळे हाताचा दाब आरपार कॅलिपरपर्यंत पोहोचतो. पेडल दाबलं की छिद्र बंद होतं आणि पाय एकटा काम करतो. वजन वाढत नाही, ब्रॅकेट लागत नाही, खर्च कमी. नीट बसवलेली असेल तर ही पद्धत छान चालते.

पण सगळी मदार त्या एका छिद्रावर आहे. पेडलला फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची थोडी मोकळी हालचाल) राहिला नाही किंवा पेडल वाकून किंचित दाबलेलं राहिलं, तर छिद्र झाकलं जातं आणि हँडब्रेक मेलेला असतो. स्टंटच्या बाइकचं पेडल पडून वाकणं ही नेहमीची गोष्ट. म्हणून प्रत्येक पडण्यानंतर तो फ्री प्ले तपासण्याची शिस्त ज्याला आहे, त्यानेच हा मार्ग घ्यावा. शिवाय डबीच्या तोंडाला कंपनीने दिलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं आणि रबरी नळी दाब सोसायला बनलेली नाहीत. तिथे आटे पाडून बँजो बोल्टच (पाइप जोडायचा, आतून पोकळ बोल्ट) लागतो, आणि तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. पाइप कुठेही फुटला तर हात आणि पाय दोन्ही ब्रेक एकदम जाऊ शकतात, हेही धरून चाला.

याच जोडणीचा शॉर्टकट म्हणून कुणी दोन्ही मास्टरचे पाइप कॅलिपरवर डबल बँजोने एकत्र आणायला सुचवलं, तर नाही म्हणा. एक लीव्हर दाबला की ऑइल कॅलिपरला दाबण्याऐवजी दुसऱ्या मास्टरच्या उघड्या छिद्रातून त्याच्या डबीत निघून जातं. दाब तयारच होत नाही.

पेडल काढून फक्त हँडब्रेक

सर्वांत सोपं आणि स्वस्त. पण मी कुणाही शिकणाऱ्याला हे सुचवणार नाही. भीती वाटली की आपोआप पेडल दाबणारा पाय ही व्हीली शिकताना अंगी बाणवायची पहिली सवय आहे. पेडलवर बाइक खाली आणता येत नसेल तर हँडब्रेकचा विचार अजून लांब ठेवा.

मागे ड्रम असलेल्या बाइकला केबल ओढून लीव्हर लावता येतो. ड्रम तापला की पकड बदलते, केबल ताणते, बारीक ताबा मिळत नाही. सरावाला ठीक, पुढे नाही.

मास्टरचा बोअर आणि लीव्हरची जागा

मास्टर घेताना बॉडीवर कोरलेला बोअर, म्हणजे त्याच्या सिलिंडरचा आतला व्यास, बघा. एकाच जोराला १६ मिमी बोअर १२.७ मिमीपेक्षा सुमारे ३७ टक्के कमी दाब देतो. लीव्हर कडक लागतो, पण ब्रेक कमजोर. एका पिस्टनच्या कॅलिपरला १२.७ मिमी बरा. लीव्हर जास्त आत येतो, आणि तोच प्रवास ताब्यासाठी हवा असतो. उजव्या बाजूचा मास्टर उलटा करून डावीकडे लावू नका, डबी उलटी होऊन हवा ओढली जाते. हायड्रॉलिक क्लचचा जुना मास्टर वापरणार असाल तर तो मिनरल ऑइलचा नाही ना, हे आधी बघा. त्याची सीलं डॉट ४ मध्ये टिकत नाहीत.

लीव्हर क्लचच्या खाली असावा असं माझं मत: तर्जनी क्लचवर, मधली दोन बोटं ब्रेकवर. अंगठ्याचा ब्रेक मोटरसायकल रेसर मिक डूहानने १९९२ मध्ये असेनला पायाला झालेल्या गंभीर दुखापतीनंतर वापरला, म्हणून तो नावाजला. पण ती रेसिंगची गरज होती. स्टंटमध्ये अंगठा हँडल धरायला लागतो.

एबीएस आणि कायदा

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइकना एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. मागच्या चाकालाही एबीएस असेल तर मालिकेतल्या जोडणीत हाताचा दाब त्याच्या मॉड्युलेटरमधूनच, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या भागातूनच, जातो. व्हीलीत पुढचं चाक थांबत आलेलं असतं, चाकांच्या वेगाचं गणित बिघडतं, आणि यंत्रणेने नको तेव्हा दाब सोडला तर माणूस पाठीवर पडतो. दुसऱ्या कॅलिपरचं सर्किट मॉड्युलेटरच्या बाहेर राहतं. तरी स्टंटसाठी एबीएस नसलेली जुनी बाइकच घ्यावी, हे बरं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं आणि सार्वजनिक रस्त्यावरची स्टंटबाजी कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात येते. ही बाइक रस्त्याची राहिली नाही असं समजा. टेम्पोत घालून परवानगीच्या बंद मैदानावर न्या.

काम झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि मागचं सस्पेन्शन खालपर्यंत दाबून पाइप ताणत नाही ना, चेनला लागत नाही ना, ते पाहा. मग स्टँडवर चाक फिरवून ब्रेक तपासा: फक्त हात, फक्त पाय, पाय दाबून हात. शेवटी लीव्हर जोरात दाबून रबराने बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तो मऊ लागला किंवा कुठे ओल दिसली, तर त्या दिवशी मैदानावर जायचं नाही.