बेदाण्याच्या औषधांची खरेदी: ॲप, वही आणि बॉक्स फाइल, आठ महिने वापरून

कवठेमहांकाळ भागात बेदाण्याच्या शेडवाल्यांना डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट विकायचं माझं दुकान आहे; हे दोन्ही पाण्यात मिसळून त्यात द्राक्षं बुडवतात (डिप) आणि मग वाळवतात. गेल्या वर्षापर्यंत खरेदीची बिलं गल्ल्यामागच्या खिळ्याला टोचलेली असायची. मग एका लॉटचं ऑइल पाण्यात नीट मिसळेना. सप्लायर म्हणाला, "हा आमचा लॉटच नव्हे." रिकामे कॅन तोवर भंगारात गेलेले, बिलावर बॅच नंबर नाही. बोलणार काय? डिसेंबरात तीन गोष्टी घेतल्या: बिलिंगचं मोबाइल ॲप, दोनशे पानी लांब वही आणि बॉक्स फाइल.

ॲपचं आधी सांगतो, कारण पैसे त्याचेच गेले. पुतण्यानं सगळं भरून दिलं. बिलाचा फोटो, जीएसटी, कुणाचं किती देणं, हे चोख. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी (सप्लायरांनी माझ्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) येतं, ते बिलांशी ताडून बघायला अर्धा तास पुरतो. एका सप्लायरनं फेब्रुवारीतलं माझं बिल दाखवलंच नव्हतं; मार्चातच फोन करून घालायला लावलं. पण मी घेतलेल्या प्लॅनमध्ये बॅच नंबरला रकानाच नाही. वरच्या प्लॅनमध्ये आहे म्हणे, त्याचे वेगळे पैसे. आमच्या धंद्यात तोच नसेल तर बाकीचं घेऊन करायचं काय?

म्हणून वही. आवक तारीख, सप्लायर, बिल नंबर, बॅच नंबर, नग, फोडल्याची तारीख, कुणाला दिलं. फोडल्याची तारीख ही माझी भर. कार्बोनेट हवेतला ओलावा ओढतं. तोंड उघडी राहिलेली बॅग महिन्याभरात खडे धरते. मग लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली ऑइल हे माप शेतकरी बरोबर घेतो, पण त्या २५ ग्रॅममध्ये पाणीही आलेलं असतं. डिप कच्ची, माल वाळायला उशीर, आणि रंग गेला की दर गेला.

मार्चात एक शेडवाले तावातावानं आले. "अण्णा, तुमच्या ऑइलनं माल काळा पडला." वही उघडली. त्याच बॅचचं ऑइल अकरा जणांनी नेलेलं, एकाची तक्रार नाही. यांच्या नावापुढे फक्त ऑइल. "कार्बोनेट कुणाचं वापरलं?" जरा थांबले. "पावण्यांकडं उरलेलं हुतं, गेल्या सालचं." चहा पिऊन गेले.

पंधरा दिवसांनी तीच वही माझ्यावर उलटली. दोघांची तक्रार एकाच बॅगेतल्या सुट्या कार्बोनेटची निघाली, फोडल्याची तारीख जानेवारीतली. चूक माझी. दोघांना नवं कार्बोनेट दिलं.

बॉक्स फाइलमध्ये प्रत्येक लॉटचं तपासणीपत्र बिलाच्या पाठीला टाचून ठेवतो. ते मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि माल उतरवून घेतल्यावर मागितलं तर अजिबात देत नाही; ऑर्डर देतानाच सांगायचं. वजनकाट्याच्या पावत्या मात्र फाइलमध्ये पांढऱ्या पडल्या, थर्मल कागद. आता आल्या दिवशीच झेरॉक्स. फाइल इतक्यात रद्दीत घालायची नाही: त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जीएसटीची कागदपत्रं जपावी लागतात.

या महिन्यात ॲपनं एक काम केलं, तेवढ्यासाठी त्याला माफ. खरेदीच्या बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत भरावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा घेता येतं, व्याज गेलं ते गेलं. आमच्याकडे शेतकरी म्हणतो सौदा झाला की देतो, आणि त्याचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला दर चढायची वाट बघत पडलेला. त्यामुळे फेब्रुवारीतलं बिल बरोबर ऑगस्टात अंगावर येतं. दोन बिलं यादीत लाल दिसली, इकडून तिकडून करून भागवली.

त्रास? हंगामाच्या ऐन गर्दीत सलग नऊ दिवस वही कोरी आहे. पोरगा म्हणतो, "लिहीत बसलो तर गिऱ्हाईक शेजारी जाईल." त्या नऊ दिवसांतला माल कुणाकडे गेला, देव जाणे. आणि ऑइलच्या बोटांनी निम्मी पानं आरपार दिसायला लागलीत. पुढची वही जाड कागदाची घेणार, पेन दोरीनं बांधलेलं.