पिल्लाचं डीवॉर्मिंग झाल्याचं कार्ड खोटं निघालं

कुत्र्याचं पिल्लू घेताना विकणाऱ्याने एक छापील कार्ड हातात ठेवलं. डीवॉर्मिंगच्या, म्हणजे जंतांचं औषध दिल्याच्या, तीन ओळी भरलेल्या, खाली शिक्का. "जंतांची चिंता सोडा, कोर्स पूर्ण झालाय," हे तो छातीठोकपणे सांगत होता. ते कार्ड साफ खोटं होतं आणि भोगावं लागलं त्या मुक्या जिवाला.

घरी आल्यावर लवकरच पातळ, काळपट, चिकट शी सुरू झाली. बरगड्या मोजता येतील इतकं अंग सुकलेलं, पोट मात्र टम्म. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "गुटगुटीत पिल्लू आहे, पोट दिसणारच." वर 'एकदा दिली की जन्मभर जंत होत नाहीत' असं सांगून एक 'नैसर्गिक' पावडर गळ्यात मारली. पुडी उघडताच लसणाचा भपकारा आला. ती तशीच बाजूला ठेवून आम्ही डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी आधी ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. गुलाबी हव्यात, त्या पांढुरक्या होत्या. शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तर हुकवर्म आणि राउंडवर्म, या दोन्ही जातींच्या जंतांची अंडी. हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, म्हणून शी काळी आणि हिरड्या फिक्या. लसूण तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो. आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला हा माणूस ती पावडर चारायला सांगत होता! आजही संताप होतो.

मग डॉक्टरांनी कार्ड मागितलं. तिन्ही ओळींत वजन एकच. वाढत्या वयातलं पिल्लू आठवड्यांमागून आठवडे तेवढंच राहील का? आणि डोस तर वजनावरच ठरतो. औषधाचं नाव कुठेच नाही, शिक्क्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही, तिन्ही नोंदी एकाच पेनाने एका बैठकीत लिहिल्यासारख्या. कार्ड हातात आलं की एवढं तरी बघाच.

'जन्मभर' हा शब्द ऐकला की तिथूनच निघा. राउंडवर्म आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, हुकवर्म दुधातून येतात. औषधाने मुख्यतः आतड्यातले जंत मरतात. शरीरात इतरत्र असलेल्या अळ्या पुढे आतड्यात उतरतात. म्हणून साधारण 2 आठवड्यांच्या वयापासून 8 आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग 6 महिन्यांपर्यंत दरमहा औषध देण्याचा प्रघात आहे. पुढचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत. त्याला पायरँटेल हे जंतांचं औषध चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं, आणि पिसवा घालवल्या नाहीत तर तो पुन्हा येतो.

घरात लहान मुलं असतील तर शी रोजच्या रोज उचला. राउंडवर्मची अंडी संसर्गक्षम व्हायला बहुधा दोन-चार आठवडे लागतात, पण मातीत मिसळली की वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही बाधतात.

पैसे परत मागितल्यावर विकणाऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. त्याच वेतातली भावंडं इतरही घरांत गेली असणार. असं कार्ड मिळालं असेल तर पिल्लू ठणठणीत दिसलं तरी ताजी शी तपासायला न्या. पहिल्या तपासणीत अंडी दिसली नाहीत म्हणून थांबू नका. जंत अंडी घालू लागण्याआधीच पिल्लू आजारी पडू शकतं.