बेयर स्पीड फिगर्स: डर्बीआधी कोवळ्या घोड्यांची पारख

गोव्यात रेसकोर्स नाही, त्यामुळे शर्यतीचा घोडा पॅडॉकपाशी उभे राहून न्याहाळायचा तर आम्हाला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. अमेरिकेतील केंटकी डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत तर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिकडे संध्याकाळी धावते आणि तेव्हा म्हापशात रविवारची पहाट, साडेचारचा सुमार असतो. एवढ्या अंतरावरून तीन वर्षांच्या घोड्यांचा वकूब ओळखायचा, तर हाती आकडेच उरतात. म्हणून गेली काही वर्षे डर्बीच्या आठवड्यात मी ‘डेली रेसिंग फॉर्म’ या अमेरिकी शर्यत-दैनिकाचा, घोड्यांच्या मागील धावांचा तक्ता विकत घेतो, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतो आणि त्यातील बेयर स्पीड फिगर्स, म्हणजे घोड्याच्या वेगाचे अंक, पेन्सिल घेऊन वाचतो. मी पैसे लावत नाही. मला घोडा कळून घ्यायचा असतो, आणि हा अभिप्राय त्याच दृष्टीने लिहिला आहे.

घोड्याच्या प्रत्येक धावेपुढे ठळक टाइपात एक अंक असतो; तो जितका मोठा, तितकी धाव जलद. नुसती घड्याळातली वेळ का चालत नाही, हे मिरामारला ओहोटीच्या वेळी धावून पाहिल्यास लगेच समजते: पाण्यालगतच्या घट्ट वाळूवर सहज पळणारा माणूस वरच्या भुसभुशीत वाळूत आला, की तेवढाच दम लावूनही मंदावतो. रेसकोर्सची मातीही रोज बदलते. अँड्र्यू बेयर यांच्या पद्धतीत त्या दिवशीच्या शर्यतींच्या वेळा अपेक्षित वेळांशी ताडून मैदान किती जलद वा संथ होते हे ठरवतात आणि अंकात तेवढा फरक धरतात. मागे राहिलेल्या घोड्याचा अंक तो विजेत्यापासून किती लांबी (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे होता त्यावरून कमी होतो. १९९२ पासून या दैनिकात छापले जाणारे हे अंक मला अतिशय प्रामाणिक वाटतात, कारण दोन वेगळ्या मैदानांवर, वेगळ्या दिवशी धावलेले घोडे त्यांच्यामुळे एकाच फूटपट्टीने मोजता येतात.

मात्र कोवळ्या घोड्याच्या बाबतीत सर्वांत मोठा अंक शोधणे ही चूक आहे. आपली इंडियन डर्बी महालक्ष्मीला फेब्रुवारीत चार वर्षांच्या घोड्यांसाठी होते; केंटकीचा घोडा त्या मानाने सुमारे नऊ महिन्यांनी लहान असतो आणि त्याची हाडे-स्नायू अजून भरत असतात. समजा, एकाचे अंक ७८, ८५, ९१ असे चढत आले आणि दुसऱ्याचे ९९, ९२, ९० असे उतरत गेले, तर मी पहिल्याकडे अधिक लक्ष देईन. शिवाय यांतील बहुतेक घोडे डर्बीचे सव्वा मैल अंतर याआधी कधीच धावलेले नसतात, त्यामुळे आखूड शर्यतीतला चमकदार अंक त्यांच्या दमाविषयी फारसे सांगत नाही.

२०२२ च्या डर्बीआधी मी रिच स्ट्राइक या घोड्याच्या नावावर पेन्सिलीने काट मारली होती. त्याचे अंक इतरांच्या तुलनेत फारच कमी होते, आदल्या दिवशी एक घोडा बाहेर पडल्यामुळे त्याला जागा मिळाली होती, आणि पैजेचा भाव होता ऐंशीला एक, म्हणजे त्याच्या जिंकण्याची आशा जवळपास कुणालाच नव्हती. तो जिंकल्यावर मी तोच कागद पुन्हा उघडला. त्या वर्षीच्या त्याच्या आधीच्या धावा टर्फवे पार्कच्या कृत्रिम धावपट्टीवर झाल्या होत्या. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्सच्याच मातीवर त्याने सव्वासतरा लांबींनी शर्यत मारली होती. ती ओळ कागदाच्या तळाशी होती आणि मी तिथपर्यंत नीट वाचलेच नव्हते. त्यातच पुढच्या घोड्यांनी पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत आणि अर्धा मैल ४५.३६ सेकंदांत कापून स्वतःला दमवले, आणि आघाडीवरचा घोडा शेवटी विसाव्या क्रमांकावर आला. एवढ्या घाईचा फायदा मागून येणाऱ्याला होणार, हे कुठल्याही घोड्याचा जुना अंक आधी सांगू शकत नव्हता.

म्हणूनच शर्यतीच्या टप्प्यांच्या वेळा अंकाइतक्याच बारकाईने वाचाव्यात, असे माझे ठाम मत आहे. १९७३ मध्ये सेक्रेटेरियटने डर्बीचे पाच पाव मैल अनुक्रमे २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंदांत धावून काढले. प्रत्येक टप्पा आधीच्याहून जलद होता, आणि १ मिनिट ५९.४ सेकंदांचा तो विक्रम अजून कायम आहे. शेवटाकडे वेग वाढवण्याची ती विलक्षण ताकद एका अंकात मावणारी नाही. वळणावर बाहेरून धावलेल्या घोड्याने किती जास्त अंतर कापले, हेही बेयर अंकात धरलेले नसते. रॅगोझिन आणि थोरो-ग्राफ या वेगाचे अंक काढणाऱ्या दुसऱ्या दोन पद्धतींच्या तक्त्यांत ते धरतात, फक्त तिथे अंक जितका लहान तितका घोडा चांगला, हे लक्षात ठेवावे लागते.

ज्याला तयार निकाल हवा आहे त्याने हा तक्ता घेऊ नये. रविवारी पहाटे उठण्यापूर्वी चार संध्याकाळी एकेका घोड्यासोबत बसण्याची ज्याची तयारी आहे, त्याने तो जरूर घ्यावा आणि ए-फोरऐवजी ए-थ्री कागदावर छापावा, म्हणजे तळाच्या ओळीही स्वच्छ वाचता येतात.