गेरिट स्वतःच्या सर्व्हरवर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेरिट म्हणजे गिटमधला प्रत्येक कोडबदल आत जाण्याआधी इतरांनी वाचून त्यावर मत द्यायचं साधन. मशीन ८ कोअर, ३२ जीबी रॅम आणि एसएसडीचं. त्यावर उबंटू २२.०४ आणि जावा १७. गेरिट आधी ३.९ होतं, आता ३.१० आहे. वापरणारे ३५ जण, रेपो (कोडचे गिटमधले साठे) साठेक, बिल्डसाठी जेन्किन्स (कोड आपोआप बांधून तपासणारं साधन), पुढे प्रॉक्सी (मधला वेब सर्व्हर) म्हणून एनजिनएक्स. दहा-बारा जणांच्या टीमला ४ कोअर आणि १६ जीबी आरामात पुरतील.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवून घ्या, पुढची निम्मी डोकेदुखी तिच्यामुळेच कळते. ३.० पासून गेरिटमागे नेहमीचा डेटाबेस राहिलेला नाही. चेंज (तपासायला पाठवलेला बदल), शेरे, मतं, खाती, ग्रुप, परवानग्या, सगळं गिटमध्येच लिहिलं जातं. या पद्धतीचं नाव नोटडीबी. बाहेर उरतं ते किरकोळ: कोणी कोणती फाईल वाचून झाल्याची खूण केली तेवढं एका छोट्या एच-टू फाईलमध्ये, आणि शोधासाठी ल्युसीनचा इंडेक्स, जो कधीही नव्याने बांधता येतो. म्हणजे गेरिटची देखभाल ही मुळात गिट रेपोंची देखभाल. हे ध्यानात न घेता सर्व्हर चालवला की तीन-चार महिन्यांनी तो जड व्हायला लागतो, आणि लोक रॅम वाढवत बसतात.

जड का होतो? एका चेंजच्या प्रत्येक पॅचसेटसाठी (सुधारून पाठवलेल्या आवृत्तीसाठी) एक रेफ (गिटमधली नाव दिलेली खूण) तयार होतो, शिवाय चर्चेसाठी ‘मेटा’ नावाचा एक. पाच पॅचसेट झाले की सहा रेफ. कोणी +१ दिला, कोणी शेरा टाकला, कोणी रिव्ह्यूअर बदलला, की दर वेळी मेटा रेफवर एक नवी कमिट. हे सगळे सुटे ऑब्जेक्ट म्हणून डिस्कवर साचतात. आणि साफसफाई (जीसी, म्हणजे सुटे ऑब्जेक्ट एकत्र पॅक फाइल्समध्ये बांधणं) आपोआप होत नाही: इन्स्टॉल करताना बनणाऱ्या जेगिट.कॉन्फिगमध्ये पुशनंतरचं ऑटोजीसी मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, आणि गेरिट.कॉन्फिगमध्ये ‘जीसी’ विभाग तुम्ही लिहिला नाही तर ठरावीक वेळचं जीसीही चालत नाही.

लक्षण ओळखायला सोपं आहे. पुश केल्यावर ‘प्रोसेसिंग चेंजेस’वर काटा फिरत राहतो, डॅशबोर्ड उघडायला चार-पाच सेकंद घेतो, आणि सीपीयू मात्र निवांत असतो. अशा वेळी रेपोच्या फोल्डरात जाऊन ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही’ चालवा. गिटची स्वतःची ऑटोजीसीची मर्यादा ६,७०० सुटे ऑब्जेक्ट किंवा ५० पॅक अशी आहे. तोच आकडा धरून चालावं. तो सारखा ओलांडला जात असेल तर जीसी जास्त वेळा लावा.

लावायचं कसं? ‘जीसी’ विभागात ‘स्टार्टटाइम’ रात्री दोनची आणि ‘इंटरव्हल’ एक दिवस दिला की पुरतं. काय झालं ते जीसी_लॉगमध्ये दिसतं. पण हे जीसी गेरिटच्याच जावा प्रक्रियेत चालतं आणि तिचीच मेमरी खातं. एखादा रेपो काही जीबींचा असेल तर क्रॉनमधून नेहमीचं ‘गिट जीसी’ चालवलेलं बरं. मात्र ते ज्या युजरने गेरिट चालतं त्याच युजरने चालवा. रूटच्या क्रॉनमध्ये टाकलंत की नव्या पॅक फाइल्सची मालकी रूटकडे जाते, परवानग्या कडक असतील तर गेरिटला त्या वाचता येत नाहीत, आणि सकाळी एरर_लॉगमध्ये ‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ अशा ओळींची रांग लागते. डेटा जागेवरच असतो. मालकी बदलून गेरिट पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक होतं, पण ती ओळ वाचताना पोटात गोळा येतो. दोन्ही प्रकारचं जीसी एकाच वेळी एकाच रेपोवर चालू नये, वेळा लांब ठेवा.

ऑल-यूजर्स नावाचा रेपो यात विसरू नका. खाती, बाहेरच्या ओळखी, अर्धवट राहिलेले शेरे, तारांकित चेंज असं सगळं त्यात असतं. कोणी कोड पुश करत नाही म्हणून तो कोणाच्या नजरेत येत नाही, आणि सगळ्यात जास्त सुटे ऑब्जेक्ट बहुधा त्याच्यातच निघतात.

मेमरीचं गणित. ‘कंटेनर’ विभागातलं हीपलिमिट (गेरिटच्या जावा प्रक्रियेला मिळणारी मेमरी, म्हणजे हीप) १२ जीबी ठेवलं आहे. त्याहून महत्त्वाची ओळ म्हणजे ‘कोअर’ विभागातलं पॅक्डगिटलिमिट (पॅक फाइल्स मेमरीत धरून ठेवायची जागा): मुळात ते फक्त १० एमबी असतं! रोज वापरातल्या रेपोंच्या पॅक फाइल्सची बेरीज करून तितकं द्यावं. इथे ४ जीबी दिलं आहे, आणि क्लोन-फेचच्या वेगातला फरक डोळ्यांना दिसतो. ही जागा हीपमधूनच जाते, त्यामुळे हीप न वाढवता हे वाढवू नका. पॅक्डगिटओपनफाइल्स मुळात १२८ आहे, ते ४,०९६ केलं. सिस्टमडीमधून गेरिट चालवत असाल तर सर्व्हिस फाईलमध्ये उघड्या फाइल्सची मर्यादाही तशीच वाढवा, नाहीतर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ठरलेलं.

आता प्रॉक्सी. नवीन बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ठेच इथेच लागते. लक्षण फार नमुनेदार आहे: चेंजचं पान उघडतं, फाइल्सची यादी दिसते, रेपोच्या मुळात असलेली रीडमी फाईल उघडते, पण एखाद्या फोल्डरातली फाईल उघडली की ४०४. कारण असं, की फाईलचा मार्ग गेरिट यूआरएलमध्ये एकाच तुकड्यात पाठवतो, आतली तिरकी रेघ ‘%२एफ’ अशी बांधून. प्रॉक्सीने मध्येच ती सोडवून साधी रेघ केली की गेरिटला तो वेगळाच पत्ता वाटतो. एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी_पास’च्या ओळीत ८०८० (गेरिटचं पोर्ट) नंतर काहीही लिहू नका, शेवटची तिरकी रेघसुद्धा नाही. त्या एका रेघेने एनजिनएक्स पत्ता सोडवून पुन्हा लिहितं. अपाचे असेल तर ‘प्रॉक्सीपास’पुढे ‘नोकॅनन’ आणि वेगळ्या ओळीत ‘अलाउएन्कोडेडस्लॅशेस ऑन’. गेरिटकडे लिसनयूआरएल ‘प्रॉक्सी-एचटीटीपीएस’ने सुरू करून १२७.०.०.१ वर बांधा, आणि कॅनॉनिकलवेबयूआरएलमध्ये बाहेरचा खरा पत्ता द्या. एचटीटीपीएसवरून मोठा पुश ४१३ देऊन पडला तर दोष एनजिनएक्सच्या १ एमबीच्या मूळ मर्यादेचा आहे, ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज’ वाढवा. एसएसएचचं २९४१८ पोर्ट या प्रॉक्सीतून जात नाही, ते फायरवॉलमध्ये वेगळं उघडावं लागतं.

नियम आणि परवानग्यांचा भाग गेरिटमध्ये मनापासून आवडला. सगळं ऑल-प्रोजेक्ट्स रेपोच्या रेफ्स/मेटा/कॉन्फिग ब्रांचवर, प्रोजेक्ट.कॉन्फिग या साध्या फाईलमध्ये असतं आणि बाकीचे रेपो ते वारशाने घेतात. ती ब्रांच फेच करा, फाईल बदला, परत पुश करा. थेट पुश करण्याऐवजी ‘रेफ्स/फॉर/रेफ्स/मेटा/कॉन्फिग’वर पुश केलं तर नियमातला बदलसुद्धा नेहमीच्या चेंजसारखा रिव्ह्यूला येतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. सहा महिन्यांनी ‘हा हक्क या ग्रुपला कोणी दिला’ असा प्रश्न येतोच, आणि उत्तर इतिहासात चर्चेसकट सापडतं. शेजारच्या ‘ग्रुप्स’ फाईलमध्ये ग्रुपची यूयूआयडी आणि नाव यांच्यात टॅब लागतो. नवा ग्रुप तिथे न लिहिता नुसता प्रोजेक्ट.कॉन्फिगमध्ये वापरला की पुश नाकारला जातो.

डेव्हलपरना पुशचा हक्क फक्त ‘रेफ्स/फॉर/रेफ्स/हेड्स’खाली द्या. नुसत्या ‘रेफ्स/हेड्स’वर दिलात तर रिव्ह्यू टाळून थेट ब्रांचवर जाता येतं, मग एवढा सर्व्हर उभारून उपयोग काय?

‘व्हेरिफाइड’ (बिल्ड पास की नापास) हे मताचं लेबल आयतं येत नाही, आपण बनवायचं. मतांची अट आता सबमिट रिक्वायरमेंटमध्ये (चेंज आत जाण्यासाठीच्या अटींत) लिहायची, म्हणून लेबलचं फंक्शन ‘नोब्लॉक’ ठेवायचं. कोड-रिव्ह्यूसाठी अट अशी: लेबल कमाल असावं, ते देणारा ‘नॉन_अपलोडर’ असावा, आणि किमान मत कोणाचं नसावं. ‘नॉन_अपलोडर’मुळे स्वतःच्या पॅचसेटवर स्वतःच +२ (पूर्ण मंजुरी) देऊन मोकळं होणं बंद होतं. व्हेरिफाइडच्या कॉपीकंडिशनमध्ये (जुनं मत नव्या पॅचसेटवर कधी टिकावं ती अट) फक्त ‘नो_कोड_चेंज’ ठेवा. कमिट संदेशातलं शुद्धलेखन सुधारलं म्हणून बिल्ड पुन्हा चालायला नको, पण रीबेस झाला तर पाया बदललेला असतो, बिल्ड परत चाललाच पाहिजे. कोड-रिव्ह्यूवर मात्र साध्या रीबेसनंतर मत टिकलेलं चालतं.

-२ (चेंज अडवणारं मत) नवीन पॅचसेटवरही टिकून राहतं हे टीमला आधीच सांगून ठेवा. देणारा माणूस गणपतीला गावी गेला की चेंज अडकतो. चेंजच्या मालकाला ते मत काढता येत नाही. प्रोजेक्टचा मालक, ॲडमिन किंवा रिव्ह्यूअर काढण्याचा हक्क असलेला माणूस ते काढू शकतो. प्रत्येक टीममध्ये असा एक जण नेमलेला असावा.

जेन्किन्सला साधं खातं पुरत नाही, ‘स्ट्रीम इव्हेंट्स’ (गेरिटमधल्या घटना घडताच कळण्याची) ही सर्व्हरभराची क्षमता द्यावी लागते. जोडणी तुटलेल्या काळातल्या घटना तशा हरवतात आणि त्या चेंजना बिल्डचं मत मिळतच नाही. गेरिटवर इव्हेंट्स-लॉग प्लगइन टाकलं की जेन्किन्सचं गेरिट ट्रिगर त्या मागून भरून घेतं. हे प्लगइन सुरुवातीलाच टाकायला हवं होतं.

डिस्क अचानक भरली तर आधी ‘कॅशे’ फोल्डर बघा. डिफच्या कॅशे फाइल्स फुगतात आणि आतल्या नोंदी गेल्या तरी आकार सहसा आटत नाही. गेरिट थांबवून त्या फाइल्स उडवल्या तरी चालतं, पहिले काही डिफ हळू उघडतील एवढंच. ‘वेब_सेशन्स’ तेवढी ठेवा, नाहीतर सगळे लॉगआउट होतील. ‘डीबी’ फोल्डरातली अकाउंट_पॅच_रिव्ह्यूज ही फाईल कॅशे नाही, तिला हात लावू नका.

बॅकअपबद्दल मात्र पोटतिडकीने सांगायचं आहे. नोटडीबीतल्या कमिटवर माणसाचं नाव नसतं, ‘गेरिट यूजर १००००१२’ असा आकडा असतो आणि ईमेलच्या जागी तोच आकडा, ॲट, आणि पुढे सर्व्हरआयडी. नाव आणि खरा ईमेल ऑल-यूजर्समध्ये. म्हणजे कोडचे सगळे रेपो वाचले आणि ऑल-यूजर्स गेला, तर चर्चा उरते पण बोलणारे हरवतात. सर्व्हरआयडी गेरिट.कॉन्फिगमध्ये असतो. नव्या मशीनवर ‘इनिट’ करून नुसते रेपो आणून टाकले तर नवा आयडी तयार होतो आणि जुने चेंज वाचतानाच गेरिट अडतो. म्हणून ‘गिट’, ‘ईटीसी’, ‘डीबी’, ‘प्लगइन्स’ आणि ‘लिब’ ही फोल्डरं एकाच क्षणाच्या स्नॅपशॉटमधून घ्यावीत. ‘ईटीसी’मध्ये एसएसएचच्या होस्ट की आणि सिक्युअर.कॉन्फिगही असतं, ते विसरलं तर परत उभारल्यावर प्रत्येकाला होस्ट कीचा इशारा दिसतो. रेप्लिकेशन प्लगइन (रेपोंची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारं) म्हणजे बॅकअप नव्हे. ‘मिरर’ चालू असेल तर इथे चुकून उडालेली ब्रांच काही सेकंदांत तिकडूनही उडते.

३.९ वरून ३.१० ला जायची पद्धत: स्नॅपशॉट, गेरिट बंद, नव्या वॉर फाईलने ‘इनिट --बॅच’, मग ‘रीइंडेक्स’, मग सुरू. बाहेरून आणलेले प्लगइन त्याच आवृत्तीचे हवेत. जुनं जार राहिलं तर ते लोड होत नाही आणि कारण एरर_लॉगमध्ये दिसतं. आधी दुसऱ्या मशीनवर प्रत काढून रंगीत तालीम करा, पण त्या प्रतीवर ईमेल आणि रेप्लिकेशन बंद करूनच ती चालू करा. मर्ज झालेला एखादा चेंज यादीत अजून उघडा दिसत असेल तर सगळा रीइंडेक्स नको, ‘गेरिट इंडेक्स चेंजेस’ला त्याचा क्रमांक दिला की भागतं.

ईमेलमध्ये ‘फ्रॉम’ला ‘यूजर’ ठेवू नका. गेरिट दुसऱ्याच्या पत्त्याने मेल पाठवू लागतं आणि एसपीएफ तपासणीत (त्या पत्त्यासाठी मेल पाठवायचा हक्क या सर्व्हरला आहे का, ही तपासणी) ते स्पॅममध्ये पडतं. मूळचं ‘मिक्स्ड’ योग्य आहे.

नव्या माणसाची पहिली तक्रार हमखास ‘चेंज-आयडी (कमिट संदेशातली, चेंज ओळखणारी ओळ) नाही’ ही असते. ती ओळ आपोआप घालणारी स्क्रिप्ट, म्हणजे कमिट-एमएसजी हुक, एससीपीने उतरवताना ओपनएसएसएच ९.० पासून अडचण येते, कारण एससीपी आता आतून एसएफटीपी वापरतं आणि गेरिटचा एसएसएच सर्व्हर ते बोलत नाही. आज्ञेत मोठं ‘ओ’ (-ओ) घातलं की जुन्या पद्धतीने फाईल येते. नाहीतर गेरिटच्या मूळ वेब पत्त्यापुढे टूल्स/हुक्स/कमिट-एमएसजी लावून कर्लने घ्या आणि चालवण्याची परवानगी द्या.

शिकायला गेरिट अवघडच आहे. पुल रिक्वेस्टची सवय असलेल्याला ‘एक कमिट म्हणजे एक रिव्ह्यू, दुरुस्ती करायची ती अमेंड करून (तीच कमिट बदलून)’ हे अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. पाच-सहा जणांच्या, दोन रेपोंच्या टीमला हे सुचवणार नाही. पण जिथे प्रत्येक कमिट वाचूनच आत जायला हवी तिथे दोन पॅचसेटमधला नेमका फरक पाहण्याची सोय इतकी नीट असलेलं स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं दुसरं साधन वापरात आलं नाही. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचा कोडही गेरिटमधूनच तपासून जातो. तिथले चेंज कोणालाही वाचता येतात, टीमला दाखवायला उत्तम नमुना आहे.

अजून एक सेटिंग राहिलं. पडून राहिलेले चेंज मुळात कधीच बंद होत नाहीत. ‘चेंजक्लीनअप’ विभागात अबॅन्डनआफ्टर ३ महिने आणि सोबत स्टार्टटाइम व इंटरव्हल द्या. सोडून दिलेला चेंज हवा तेव्हा ‘रिस्टोअर’ करता येतो, शेरे जागेवरच असतात. पहिल्यांदा चालू करण्याआधी टीमला आठवडाभर आधी कळवा, कारण त्या रात्री जुन्या प्रत्येक चेंजमागे एक मेल जाणार आहे.