ठाणे स्टेशनचा जुन्या मोबाइलचा बाजार: भाव चकाकीचा, आयुष्य अपडेटचं

स्टेशन ते गोखले रोड या पट्ट्यात जुना मोबाइल घ्यायचा तर पर्याय भरपूर आणि घासाघीसही चालते. खटकतो तो भाव ठरवण्याचा हिशेब. जीबी किती, स्क्रॅच किती, बिल-बॉक्स आहे का, एवढ्यावरच किंमत निघते. कंपनी सिक्युरिटी अपडेट, म्हणजे फोनची सुरक्षा टिकवणाऱ्या सॉफ्टवेअर दुरुस्त्या, कधी बंद करणार, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. किमतीची खरी घसरण तिथेच होते.

गूगलचे पिक्सेल ७ आणि पिक्सेल ८ घ्या. बाजारात आले एका वर्षाच्या अंतराने, पण पहिल्याचे अपडेट ऑक्टोबर २०२७ पर्यंत, दुसऱ्याचे ऑक्टोबर २०३० पर्यंत. मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलापासून नाही. म्हणून मागितलेली किंमत उरलेल्या महिन्यांनी भागा. १८,००० चा फोन १८ महिने चालणार असेल तर महिना १,००० पडला; २४,००० चा ४८ महिन्यांचा फोन ५०० मध्येच पडतो. आयफोनवाल्यांनीही गाफील राहू नये: २०२५ मध्ये आयफोनची नवी सिस्टम आयओएस २६ आली आणि आयफोन एक्सआर, एक्सएस त्यातून बाहेर पडले. मुदत संपलेला फोन बंद पडत नाही, पण पुढे एकेक अ‍ॅप जुनी सिस्टम नाकारू लागतं आणि गिऱ्हाईक आटतं.

बॅटरीचा भाग वेगळा. ॲपलने आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण चार्जइतका वापर) ८० टक्के क्षमता राहील अशा बनवल्या आहेत. १५ पासून १,००० सायकल. चार वर्षांच्या फोनवर १०० टक्के बॅटरी हेल्थ (उरलेली क्षमता) दिसली तर खूश होऊ नका, बॅटरी बदललेली असणार. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. बॅटरी किंवा डिस्प्लेपुढे ‘अननोन पार्ट’ दिसलं की भाव पाडून मागा. सॅमसंगला डायलरवर *#०*# टाकून लाल, हिरवा, निळा पडदा बघा. रेघ किंवा कीबोर्डची सावली दिसली तर डिस्प्ले गेलाच समजा, आणि तो खर्च कधीकधी फोनच्या निम्म्या किमतीवर जातो. मागचं कव्हर कडेला उचललेलं असेल तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. असा पीस फुकटही नको.

पैसे देण्याआधी *#०६# ने आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ आकडी ओळख नंबर, काढून बिलाशी जुळवा. ‘केवायएम’ इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. ब्लॉक किंवा डुप्लिकेट असेल तर कळतं. शेवटी काउंटरवरच फोन रीसेट करायला लावा. चालू झाल्यावर जुन्या मालकाचं गूगल किंवा ॲपल खातं मागितलं, तर तो तिथेच परत करा.

विकणाऱ्यांसाठी एवढंच: अपडेटचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत विका, पुढची दिवाळी सेल उजाडण्याआधी.