गमतीदार चित्राची कच्ची रेखाटनं: स्केचबुकात की टॅबवर?

समजा, तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात त्या सणाचं, चित्र काढायचं आहे, पण उलटं: लाकडी बैल ऐटीत चालताहेत आणि चाकांवर बसवलेल्या मुलांना दोरीने ओढत नेताहेत. बैल किती मोठा, मुलं घाबरलेली की खुशीत, दोरी चित्राच्या कुठल्या कोपऱ्यातून बाहेर जाते, हे सगळं कच्च्या स्केचमध्येच ठरतं. ते कागदावर करावं की त्यासाठी टॅब घ्यावा?

सुरुवातीसाठी माझा कौल कागदाला, आणि तो काही पैसे वाचतात म्हणून नव्हे. अशा चित्राचा जीव बहकलेल्या रेषेत असतो. घाईत बैलाचं वशिंड फार उंच झालं, तर कागदावर ते तसंच राहतं. आणखी चार स्केचं झाल्यावर पुन्हा पाहिलं की त्यातच टेकडी दिसते आणि मुलं तिच्यावर चढायला लागतात. टॅबवर ती रेषा एका टिचकीसरशी गेलेली असते. पुसणं इतकं सोपं झालं की विचित्रपणा टिकत नाही, आणि इथे तोच तर हवा असतो.

प्रत्यक्ष पाहून रेखाटायचं असेल तर टॅब घरीच ठेवा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच नागपुरात मारबतींची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. गर्दीच्या डोक्यांवरून डोलत येणारी ती भली मोठी आकृती, तिच्या कमरेलाही न पोचणारी माणसं आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा पुकारा! लहानमोठेपणाचा असा खेळ घरी बसून सुचत नाही. खिशातली वही आणि बॉलपेन पुरे. जेल पेन नको, पावसाची एक सर आली की शाई पसरते.

मांडणीच्या टप्प्यावर मात्र टॅब खरोखर कामाचा. आवडलेल्या स्केचचा फोटो घ्या. बैल, मुलं आणि मागची घरं वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक असलेल्या पारदर्शक थरांवर, ठेवा. बैल दीडपट केला तर घरं दबतात का, सगळ्यांची तोंडं फिरवली तर चाल बिघडते का, हे लगेच कळतं. बटर पेपरचे तुकडे एकमेकांवर सरकवूनही हे जमतं. वेळ जास्त जातो, पण चित्राचा तोल नजरेत मुरत जातो. चित्रं काढायच्या अ‍ॅपपैकी क्रिता मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. प्रोक्रिएटसाठी आयपॅडच लागतो.

रंगांसाठी पडद्यावर विसंबू नका. तिथला संत्र्याचा रंग प्रकाशाचा, ट्यूबमधून तो तसा निघत नाही. शिवाय अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, जलरंग फिका. चाचणी त्याच कागदाच्या कपट्यावर घ्या. मे महिन्यात कूलरसमोर जलरंग करत असाल तर दमट हवेने कागद सैल पडतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, असला तरी बोर्डवर चारही बाजूंनी टेप लावा.

पुस्तकांसाठी चित्रं करायची असतील आणि बदल पुन्हापुन्हा सांगितले जाणार असतील, तर टॅब जरूर घ्या. कॅनव्हासवर जायचं असेल तर तेच पैसे चांगल्या रंगांत घाला, आणि छोटी स्केचं पहिल्यापासून कॅनव्हासच्या प्रमाणातच करा. १२ × १६ इंचांसाठी ३ × ४ इंचांची चौकट. तिच्यात अर्ध्या इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर दोन इंचांचे. दोन्हीकडे ४८ भरतात. मग प्रत्येक चौकोनात रेषा कुठून शिरते आणि कुठून निघते, एवढंच पाहत उतरवत जा.